झुडपाआडचं हरण आणि दोन रायफली

पेनसिल्वेनियाच्या उत्तर भागात, पॉटर काउंटीच्या आसपास, नोव्हेंबरअखेर रान कसं असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा वाद अधांतरी राहील. मॅपल, चेरी, ओक यांची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे लांबवरचं दिसेल असं वाटतं. तसं ते दिसत नाही. खाली कंबरेएवढी, कुठे डोक्याएवढी माउंटन लॉरेलची सदाहरित झुडपं माजलेली असतात. ओढ्याकाठी हेमलॉकची काळोखी दाटी असते. बीचच्या कोवळ्या झाडांची वाळकी पानं हिवाळाभर फांद्यांना चिकटून राहतात. अशा जागी पन्नास यार्डांवर हरण उभं असलं तरी नजरेला पडतो तो एखादा कान, पाठीची आडवी रेघ किंवा शेपटीचा पांढरा तुकडा. अख्खं हरण दिसलं तर नशीब.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न शिकारीबद्दलच येईल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पेनसिल्वेनियाची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसावं शतक संपताना तिथली हरणं जवळजवळ नामशेष झाली होती. १८९५ मध्ये राज्याने गेम कमिशन स्थापन केलं आणि १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली. लांडगे आणि प्यूमा तोवर संपलेले होते. काही दशकांत हरणं इतकी वाढली की जंगलात नवी रोपं तग धरेनात. आजही अ‍ॅलेगेनीच्या रानात ओकच्या रोपांच्या जागी नेच्याचे गालिचे पसरलेले दिसतात, कारण नेचं हरणाला आवडत नाही. हंगाम, परवाने आणि मारायच्या हरणांची संख्या ठरवूनच तिथे हा तोल सांभाळावा लागतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्याच कामासाठी राज्यांना मिळतो.

हरण मारायचं ठरलं, की ते एका गोळीत आणि कमीत कमी यातनेत मरावं याची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर येते. रायफल निवडताना मला तरी याहून मोठं दुसरं कारण दिसत नाही.

माझे एक स्नेही पिट्सबर्गला मुरलेले आहेत. ते मूळचे सिंधुदुर्गातले. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घरात बघत वाढले आणि अमेरिकेत कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर रानात जाऊ लागले. त्यांची भाची ओहायोत पशुवैद्य आहे. यंदा तिने शिकारीचं सक्तीचं प्रशिक्षण पूर्ण करून परवाना घेतला. पहिली रायफल घ्यायची म्हणून ती मामाकडे आली आणि जेवणानंतर टेबलावरच दोघांची जुंपली. मी ऐकत होतो, अधूनमधून बोलतही होतो.

मामा : अगं, एवढा विचार कशाला करतेस? माझ्यासारखी लिव्हरची मार्लिन थ्री-थर्टी-सिक्स घे, थर्टी-थर्टी काडतुसाची. १९४८ पासून हे मॉडेल चालत आलंय. मधे कंपनीचे मालक बदलले, आता रुगर ती बनवते आणि चांगली बनवते. वीस इंची नळी, सव्वातीन किलोच्या आसपास वजन. लॉरेलमधून वाट काढताना एका हातात मधोमध धरली की कुठे अडकत नाही. बाजूला बोल्टचा दांडा नाही, खाली मॅगझिन लोंबत नाही. नर समोर आला की रायफल खांद्याला लागेपर्यंत अंगठ्याने घोडा मागे गेलेला असतो. या रानात तुला तीन सेकंद मिळतात, बस्स.

भाची : तीन सेकंद मिळतात हे कबूल. त्या तीन सेकंदांत तू काय बघतोस?

मामा : हरण.

भाची : आणि मधली फांदी?

मामा : फांदी दिसते की. आणि एखादी नाही दिसली, तरी १७० ग्रेन वजनाची बोथट, जड गोळी काडीला भीत नाही. म्हणून तर या रायफलींना इथे ब्रश गन म्हणतात. झुडूप फोडून जाते ती. तुझ्या त्या वेगवान, टोकदार गोळ्या पानाला लागल्या तरी भरकटतात.

भाची : मामा, हे तू तुझ्या सोबत्यांकडून ऐकलंयस आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. काड्यांच्या मागे कागद लावून लोकांनी याच्या किती चाचण्या केल्यात! जड गोळी घे, हलकी घे, बोथट घे, टोकदार घे, त्यांतली एकही भरवशाची ठरली नाही. गोळी सरळ जाते ती स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून. काडीला घासली की तिचा तोल जातो आणि ती डुगडुगायला लागते. तिथून पुढे जितकं अंतर, तितकी चूक वाढत जाते. काडी हरणाच्या अंगालगत असेल तर कदाचित फारसं बिघडणार नाही. पण काडी तुझ्यापासून दहा यार्डांवर आणि हरण पन्नासवर असलं, तर छातीवर धरलेली गोळी पोटात जाऊ शकते.

मामा : आणि मग?

भाची : मग ते हरण पळतं. पोटात गोळी लागलेलं हरण तासन् तास जिवंत राहतं. रक्त आत साचतं, बाहेर फारसं सांडत नाही. लॉरेलच्या दाटीत तू त्याचा माग कसा काढणार? पट्ट्याने बांधलेला माग काढणारा कुत्रा आता पेनसिल्वेनियात कायद्याने चालतो, पण तो मिळून तिथे पोहोचेपर्यंत त्या जनावराचे काय हाल होत असतील, ते मी रोज जनावरं तपासते म्हणून मला कळतं.

या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. ब्रश गन हा समज वरवर निरुपद्रवी वाटतो. खरं तर दाट रानात जखमी होऊन हरवणाऱ्या कितीतरी हरणांच्या मागे तोच उभा असतो. आपली गोळी झुडपातून जाते असं एकदा मनाने घेतलं, की माणूस फट शोधायचं सोडून देतो. थर्टी-थर्टी ही रायफल चांगली आहे, तिच्याबद्दलची ही एक समजूत मात्र वाईट आहे. दाट झाडीत मारायची ती फटीतूनच. फट नसेल तर गोळी झाडायची नाही. कोणतं कॅलिबर, कोणती रायफल हे सगळं यानंतर.

मामा : बरं, फटीतूनच मारायची. मग तर माझाच मुद्दा आणखी पक्का होतो. फट कायम राहत नाही. हरण दोन पावलं टाकतं आणि फट मिटते. त्या क्षणात जी रायफल आपसूक खांद्याला लागते तीच कामाची. पन्नास यार्डांवर दीडशे ग्रेनची थर्टी-थर्टी हरणाच्या छातीतून आरपार जाते, हे मी स्वतः पाहत आलोय. १८९५ मध्ये हे काडतूस बाजारात आलं, विंचेस्टरच्या ज्या ९४ मॉडेलसाठी आलं ते जॉन ब्राउनिंगने घडवलेलं. त्या रायफलीच सत्तर लाखांहून जास्त खपल्या. शंभर यार्डांच्या आत तिच्यात कमी काय आहे, ते सांग.

भाची : शंभर यार्डांच्या आत काडतुसात काहीच कमी नाही. माझी तक्रार तुझ्या उघड्या साइटबद्दल आहे. मागची खाच, पुढची माशी आणि हरण, तिन्ही एकाच वेळी डोळ्याला स्पष्ट दिसत नाहीत. वयाबरोबर तर मागची खाच धूसरच होत जाते. मला कमी ताकदीचा स्कोप हवाय, दोन ते सात पटींचा, आणि रानात तो कायम दोनवर ठेवायचा. मला लांबचं बघायचं नाहीये. करड्या हरणापुढची करडी काडी मला बघायचीय. उघड्या साइटने ती काडी दिसत नाही, दोन पटींच्या भिंगातून दिसते. शिवाय सूर्य मावळल्यावर अर्धा तास शिकार कायदेशीर आहे आणि हेमलॉकखाली तेव्हा अंधारलेलं असतं. त्या वेळी चांगल्या भिंगांतून नुसत्या डोळ्यांपेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

मामा : आणि बर्फ पडला की? हेमलॉकवरून पाणी गळत असतं, भिंगावर थेंब बसला की तुला ना हरण दिसणार, ना काडी. स्कोप नऊवर ठेवून हिंडणारे इथे खूप आहेत. वीस यार्डांवर हरण उभं राहतं आणि त्यांना भिंगात फक्त केस दिसतात.

भाची : ते नऊवर ठेवतात ही त्यांची चूक. आणि टोपण उघडून ठेवायचं कधी, ते मी शिकेन. पण तूही एक कर. निदान पीप साइट बसव. डोळ्याजवळ मोठं भोक, त्यातून माशी बघायची, बाकीचं डोळा आपोआप मधोमध आणतो. जुन्या विंचेस्टरची पुंगळी वरून उडते म्हणून तिच्यावर स्कोप नीट बसत नाही. तुझ्या मार्लिनची पुंगळी बाजूने पडते, तिला स्कोपही बसतो.

मामा काही बोलले नाहीत. पण ते विचारात पडले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला उघड्या साइटची खाच पूर्वीसारखी दिसत नाही, हे ते नाकारू शकत नव्हते.

मामा : समज, मार्लिनवर स्कोप बसवला. मग तर तुझी तक्रार संपते. मग थर्टी-थर्टी का नको?

भाची : दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे तिचं मॅगझिन. नळीखालच्या नळीत काडतुसं एकामागोमाग एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने पुढच्या काडतुसाचा प्रायमर फुटू शकतो. म्हणून गोळी बोथट लागते, आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. हॉर्नडी कंपनीने मऊ टोकाच्या गोळ्या काढल्या तेव्हा हे थोडं सुधारलं, तरी शंभर यार्डांवर जुळवलेली थर्टी-थर्टी दोनशे यार्डांवर सात-आठ इंच खाली येते. थ्री-ओ-एट काडतुसाची गोळी तेवढ्याच अंतरावर चारेक इंच. आणि या रानातून गॅसच्या पाइपलाइनचे पट्टे तोडलेत, तिथे दोनशे यार्डांवर हरण ओलांडताना दिसतं.

मामा : पाइपलाइनच्या पट्ट्यावर उभं राहून मी शिकार करत नाही.

भाची : मी करेन कदाचित. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ते शिशाचं. हे मांस आपण घरी खाणार, लहान मुलांना देणार. शिशाची गोळी हरणात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेलं हरणाचं खिमा केलेलं मांस तपासलं, त्यात शिसं सापडलं आणि अन्नछत्रांना ते फेकून द्यायला सांगितलं. मी तांब्याची गोळी वापरणार. ती एकसंध राहते. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून सगळ्या शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. पण तांबं कठीण असतं. ते पाकळ्यांसारखं उमलायला वेग लागतो. शंभर यार्डांवर थर्टी-थर्टीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांवर येतो, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम वर. तिच्यासाठी खास बनवलेल्या तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण निवडीला वाव कमी.

मामा : वेगवान गोळीने मांस नासतं, त्याचं काय? पंचवीस यार्डांवर खांद्यात थ्री-ओ-एट बसली की पुढचा अख्खा पाय रक्ताळून टाकून द्यावा लागतो. थर्टी-थर्टीने मारलेल्या हरणाचं भोकाच्या कडेपर्यंतचं मांस खाता येतं, असं इथले जुने लोक म्हणतात आणि मला ते पटतं.

भाची : शिशाच्या गोळीला हे लागू आहे. तांब्याच्या गोळीने रक्ताळणं कमी होतं. आणि मी खांद्याच्या हाडावर मारणारच नाही. हरण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. फुप्फुसं आणि हृदय मिळून आठ-नऊ इंचांची जागा असते. दोन्ही फुप्फुसं भेदली गेली की हरण पन्नास-शंभर यार्ड पळतं आणि पडतं, काही सेकंदांचा खेळ असतो तो. आणि गोळी पलीकडून बाहेर पडायला हवी. खाली भोक असलं की रक्त जमिनीवर सांडतं, मग झुडपांतही माग लागतो.

इथे कॅलिबरांचा विषय सुरू झाला आणि बराच वेळ चालला. वाचकासाठी मी त्यातलं कामाचं तेवढं ठेवतो. टू-फॉर्टी-थ्री हे १९५५ चं काडतूस, थ्री-ओ-एटचीच पुंगळी तोंडाशी अरुंद केलेली. धक्का सौम्य असतो म्हणून नवशिक्यांना तेच सुचवतात. भाचीने ते नाकारलं. शंभर ग्रेनची बारीक गोळी तिरप्या उभ्या हरणातून आरपार जाईलच याची खात्री नाही आणि छोट्या भोकातून माग कमी लागतो, हे तिचं कारण मला पटलं. थ्री-ओ-एट १९५२ मध्ये आलं आणि थोड्याच काळात नाटो सैन्याने त्याचंच रूप स्वीकारलं, त्यामुळे काडतुसं सगळीकडे मिळतात. धक्का मात्र हलक्या रायफलीत बऱ्यापैकी बसतो. मामांनी मग थर्टी-फाइव्ह रेमिंग्टनचं नाव काढलं. दोनशे ग्रेनची जाड गोळी, वेग सेकंदाला जेमतेम दोन हजार फूट, आणि जखमेतून भरपूर रक्त. पेनसिल्वेनियाच्या रानांत एके काळी ते फार लाडकं होतं. आज काडतुसं शोधावी लागतात. नवशिक्याला सरावासाठी पेट्यांमागून पेट्या लागतात, म्हणून माझ्या मते ते बाद. भाचीचं मन बोल्ट रायफलीवर आणि सेव्हन एमएम-ओ-एट काडतुसावर बसलं होतं. १९८० मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलेलं, १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,८६० फुटांनी. थ्री-ओ-एटपेक्षा धक्का थोडा कमी, आणि तांब्याच्या गोळीला उमलायला वेग भरपूर.

मामा : धक्क्याबद्दल तू म्हणतेस ते खरं. धक्क्याला घाबरणारा माणूस चाप ओढायच्या आधी डोळे मिटतो आणि नळी झुकते. मग कुठलं का काडतूस असेना. पण बोल्ट का? तू डावखुरी आहेस. दुकानांतल्या बहुतेक बोल्ट रायफली उजव्या हाताच्या. बोल्ट ओढायला तुला हात पलीकडे न्यावा लागेल, तेवढ्यात हरण गेलं. लिव्हर दोन्ही हातांना सारखी चालते.

भाची : हे मात्र बरोबर आहे. मला त्याचं उत्तर शोधावं लागलं.

मामा : आणि लिव्हरमध्येच टोकदार गोळी हवी असेल तर ब्राउनिंगची बीएलआर आहे. तिला खाली डब्याचं मॅगझिन असतं, तुझं सेव्हन एमएम-ओ-एटही तिच्यात बसतं.

भाची : ती मी हातात घेऊन पाहिली. सुंदर आहे, पण किंमत जास्त, आणि उघडून साफ करणं अवघड. रानात पावसात भिजलेली रायफल रात्री मला स्वतःला पूर्ण साफ करता आली पाहिजे. बोल्ट हाताने ओढून बाहेर काढला की नळीतून आरपार दिसतं, रायफल रिकामी आहे की नाही याची शंकाच राहत नाही. तुझी मार्लिन रिकामी करायची तर एकेक काडतूस लिव्हरने नळीत चढवून बाहेर काढावं लागतं. गाडीपाशी, गारठलेल्या बोटांनी. डाव्या हाताच्या बोल्ट रायफली कमी मॉडेलांत मिळतात, पण मिळतात. अठरा-वीस इंची नळीची एक मी हेरून ठेवलीय. लांबी तुझ्या मार्लिनएवढीच येते.

मामा : आखूड नळीने वेग कमी होतो.

भाची : इंचामागे वीस-पंचवीस फूट. चार इंच कमी केले तर शंभर फुटांचा तोटा. झाडीतल्या अंतराला त्याने काही फरक पडत नाही. आवाज वाढतो, तेवढं मान्य.

मी मधे पंप रायफलीचं नाव घेतलं. पेनसिल्वेनियात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. म्हणून तिथल्या रानांत १९५२ पासून रेमिंग्टनची पंप अ‍ॅक्शन रायफल, आधी ७६० आणि नंतर ७६००, घराघरांत पोचली. पुढचा हात मागेपुढे केला की दुसरी गोळी तयार, आणि गाल दस्त्यावरून उचलावाही लागत नाही. हाका घालून हरणं उठवणाऱ्या टोळ्यांत ती अजूनही दिसते. डावखुऱ्या माणसालाही ती जमते. माझ्या मते मामांच्या वेगाला आणि भाचीच्या काडतुसाला एकत्र आणणारी तीच. दोघांनी माझं ऐकून घेतलं आणि दोघांनीही नाकारलं. मामांना लिव्हरचा लळा आहे आणि भाचीला पंपाचा चाप जड वाटला. चापाचं तिचं म्हणणं खरं आहे. जड चापाने नेम हलतो.

कायद्याचा विषय लवकर संपला. ओहायोत हरणाला फक्त सरळ पुंगळीची काडतुसं चालतात. म्हणजे फोर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी, फोर्टी-फोर मॅग्नम, किंवा २०१९ मध्ये आलेलं थ्री-फिफ्टी लेजंड. तोंडाशी निमुळती होणारी थर्टी-थर्टी आणि सेव्हन एमएम-ओ-एट दोन्ही तिथे बाद. भाची शिकार मामांच्या रानातच करणार असल्यामुळे तिने तो विचार बाजूला ठेवला. व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे आणि वैध शिकारी परवाना हा त्यातला अपवाद आहे. कुणाची रायफल नुसती हातात घेण्याआधीही हे माहीत हवं.

मामा : एक गोष्ट माझी ऐक. नेमबाजीच्या मैदानात टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून शंभर यार्डांवर इंचभर झुबका आला, म्हणून रानात हरण पडत नाही. तुला टेकू मिळणार नाही. बर्फात उभी असशील, अंगात जाड कोट, त्यावर नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. कोटाच्या घडीत दस्ता अडकतो. मी बघितलंय लोकांना. दस्ता लांब असला तर रायफल खांद्यापर्यंत पोचतच नाही. दस्ता तुझ्या मापाचा कापून घे, कोट घालून.

भाची : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : आणि समोर हरण दिसतं तेवढं पुरेसं नाही, हरणाच्या मागे काय आहे ते दिसायला हवं. तुझं ते वेगवान काडतूस चुकलं तर डोंगरापलीकडे जातं. माझंही जातं, फक्त जरा कमी. कड्यावर, आभाळाच्या रेघेवर उभ्या हरणावर कधी गोळी झाडायची नाही. मागे उतार हवा, माती हवी.

भाची : कबूल. आता माझी अट. पन्नास यार्डांवर नऊ इंची कागदी ताटली, उभ्याने, टेकू न घेता, रायफल कंबरेपाशी धरून सुरुवात. इशारा झाला की तीन सेकंदांत गोळी ताटलीत. दहापैकी दहा. नऊ आल्या तर मी या हंगामात रानात जाणार नाही.

मामा : दहापैकी दहा फार कडक आहे.

भाची : दहावी गोळी ज्या हरणाला लागेल त्याला विचार. आणि हीच परीक्षा तूही द्यायचीस, पीप साइट बसवून.

मामा : मी?

भाची : तूच. आणि मधल्या काही ताटल्यांपुढे फांद्या बांधायच्या. काहींत फट ठेवायची, काहींत नाही. फट नसेल तर गोळी न झाडता रायफल सुरक्षित करून खाली आणायची, तेही तीन सेकंदांत.

मामा : तुला काय, तुझ्या रायफलीला कळ असेल. माझ्या जुन्या मार्लिनला आडवी सेफ्टीही नाही. मला चाप दाबून अंगठ्याने घोडा अलगद उतरवावा लागतो.

भाची : म्हणूनच त्याचा सराव सगळ्यात जास्त हवा. बोटं गारठली की घोडा अंगठ्याखालून निसटतो आणि बार होतो. नळी कुठे रोखलेली असते तेव्हा?

मामा : खाली, मातीकडे. निदान असायला हवी.

भाची : मग ऑक्टोबरच्या शेवटी करू, पहाटे, थंडी पडल्यावर. हातमोजे घालून.

मामा : पातळ हातमोजे चालतील?

भाची : तू रानात जे घालतोस तेच.